परवलीबद्ध सर्व्हरवरील फाइलचे अस्तित्व तपासणे

परवलीबद्ध सर्व्हरवरील फाइलचे अस्तित्व तपासणे ही संगणक-जाळ्यातील एक मूलभूत क्रिया आहे. दूरच्या वेब सर्व्हरवर, सदस्यनाव व परवलीचा शब्द दिल्याखेरीज न उघडणाऱ्या भागात विशिष्ट नावाची फाइल आहे की नाही, हे ती फाइल संपूर्ण उतरवून न घेता जाणून घेणे, असा तिचा अर्थ होतो. निकालपत्रे, रुग्णांचे तपासणी-अहवाल, उत्तरपत्रिकांच्या प्रतिमा, ग्रंथालयांतील अंकीय ग्रंथ आणि कार्यालयीन दस्तऐवज यांच्या व्यवस्थेत ही क्रिया दररोज असंख्य वेळा घडते. बहुतेक वेळा ती मनुष्य नव्हे, तर संगणक-प्रणाली करते.

वरवर पाहता प्रश्नाचे उत्तर 'आहे' किंवा 'नाही' एवढेच असावे असे वाटते. प्रत्यक्षात सर्व्हर 'आहे', 'नाही', 'प्रथम ओळख पटवा', 'ओळख पटली, पण अधिकार नाही', 'दुसरीकडे विचारा' आणि 'आत्ता सांगता येत नाही' अशी किमान सहा प्रकारची उत्तरे देऊ शकतो. या उत्तरांतील भेद न ओळखल्यास अस्तित्वात असलेली फाइल हरवली असे समजले जाते, किंवा हरवलेली फाइल सुरक्षित असल्याचा भ्रम होतो.

## संज्ञा

मराठी संगणकीय लेखनात फाइल या शब्दासाठी 'संचिका' किंवा 'धारिका', पासवर्डसाठी 'परवलीचा शब्द' आणि वेबसाइटसाठी 'संकेतस्थळ' हे प्रतिशब्द रूढ आहेत. 'सर्व्हर' हा शब्द बहुधा तसाच वापरला जातो. मागणी करणाऱ्या संगणकास किंवा प्रणालीस या लेखात 'ग्राहक' असे म्हटले आहे.

दोन संकल्पना परस्परांपासून वेगळ्या ठेवणे आवश्यक असते. मागणी करणारा कोण आहे याची खात्री करून घेणे म्हणजे ओळख-पडताळणी. आणि ओळख पटलेल्या व्यक्तीस ती विशिष्ट वस्तू पाहण्याची मुभा आहे का, हे ठरविणे म्हणजे अधिकार-पडताळणी. ग्रंथालयाचे सभासदत्व असणे ही पहिली गोष्ट होय; दुर्मिळ ग्रंथांच्या कपाटापर्यंत जाण्याची परवानगी असणे ही दुसरी.

## पार्श्वभूमी

वेबवरील देवघेव एचटीटीपी या संकेतप्रणालीच्या नियमांनी चालते. टिम बर्नर्स-ली यांनी युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेत या प्रणालीची मांडणी केली. तिच्या आरंभीच्या स्वरूपात 'गेट' ही एकच मागणी होती, म्हणजे नाव सांगावे आणि संपूर्ण दस्तऐवज घ्यावा. मे १९९६ मध्ये आरएफसी १९४५ या दस्तऐवजाद्वारे एचटीटीपीची १.० ही आवृत्ती नोंदविली गेली. तिच्यात 'हेड' ही मागणी आणि परवलीची 'बेसिक' पद्धत या दोहोंचे वर्णन आहे. सध्या प्रचलित असलेले अर्थविषयक नियम जून २०२२ मधील आरएफसी ९११० मध्ये एकत्रित केले आहेत.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सुरू केली. या कंपनीचे मुख्यालय मुंबईत फोर्ट भागात होते. त्या काळी दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमने जोडणी केली जाई. सेकंदाला २८,८०० बिट या वेगाने दहा लाख बाइटची फाइल उतरविण्यास साडेचार मिनिटांहून अधिक काळ लागतो. केवळ शीर्षनोंदी मागविल्यास काही शे बाइट येतात आणि सेकंदाचा अंशही पुरतो. 'फाइल न घेता फाइलची चौकशी' या सोयीचे महत्त्व तेव्हा जोडणीच्या खर्चामुळे होते. आज ते फाइलींच्या प्रचंड संख्येमुळे आहे.

## कार्यपद्धती

### हेड आणि गेट

'गेट' मागणीला मिळणाऱ्या उत्तराचे तीन भाग असतात: स्थितीचा तीन अंकी संकेतांक, शीर्षनोंदी आणि मुख्य मजकूर. 'हेड' मागणीला यांपैकी पहिले दोनच भाग मिळतात. शीर्षनोंदींत फाइलचा प्रकार, तिची लांबी, शेवटच्या बदलाची वेळ आणि 'ईटॅग' ही आवृत्तीची खूण असू शकते. दादर पूर्वेकडील मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या (स्थापना १८९८) ग्रंथालयात ग्रंथ मेजावर न मागविता केवळ सूचिपत्र पाहावे, तसा हा प्रकार आहे. सूचिपत्रात ग्रंथाचे नाव, आकार व आवृत्ती कळते. मजकूर कळत नाही.

सर्वसाधारण सर्व्हरने 'गेट' व 'हेड' या दोन्ही मागण्या स्वीकारल्याच पाहिजेत, असा नियम आहे. तथापि काही प्रणाली 'हेड' नाकारतात व ४०५ हा संकेतांक देतात. अशा वेळी 'गेट' मागणीतच 'केवळ पहिला बाइट हवा' अशी अट घालता येते. सर्व्हरने ती मानल्यास २०६ हा संकेतांक येतो आणि फाइलचे अस्तित्व सिद्ध होते.

### ओळख पटविण्याच्या पद्धती

बेसिक पद्धत. सदस्यनाव व परवलीचा शब्द यांच्यामध्ये अपूर्णविराम ठेवून सिद्ध होणारी अक्षरमाला 'बेस ६४' या रीतीने रूपांतरित करून मागणीसोबत पाठविली जाते. या रीतीत तीन बाइटांची चार अक्षरे होतात. हे सांकेतिकीकरण नव्हे. ते कोणालाही क्षणार्धात उलगडता येते, म्हणून ही पद्धत केवळ एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीवरच वापरावी लागते.

डायजेस्ट पद्धत. सर्व्हर प्रथम एक यादृच्छिक अक्षरमाला पाठवितो. ग्राहक ती परवलीच्या शब्दासह गणिती प्रक्रियेतून काढतो व केवळ निष्कर्ष परत पाठवितो. त्यामुळे परवलीचा शब्द स्वतः प्रवास करीत नाही.

नमुना-पृष्ठ व कुकी. बहुसंख्य संकेतस्थळे प्रवेशाचे पृष्ठ दाखवितात. योग्य माहिती भरल्यावर ग्राहकास 'कुकी' नावाची खूण मिळते आणि पुढील प्रत्येक मागणीसोबत ती दाखवावी लागते.

टोकन. दोन प्रणालींमधील व्यवहारात परवलीच्या शब्दाऐवजी मर्यादित काळापुरते अधिकारपत्र दिले जाते.

### चौकशीचा क्रम

बहुतेक सर्व्हर ओळख-पडताळणी आधी करतात व फाइलचा शोध नंतर घेतात. म्हणून परवलीविना विचारणा केल्यास फाइल असो वा नसो, एकच उत्तर येते: ४०१. या उत्तरावरून फाइलच्या अस्तित्वाविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. फाटकावरील पहारेकऱ्याने 'ओळखपत्र दाखवा' म्हटले, एवढ्यावरून आत अमुक कपाट आहे किंवा नाही हे जसे ठरत नाही, तसेच हे आहे.

योग्य क्रम पुढीलप्रमाणे असतो:

१. एचटीटीपीएस जोडणी व सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासणे.
२. ओळख पटवून 'हेड' मागणी पाठविणे.
३. संकेतांक पाहणे, दुसरीकडे पाठविले गेल्यास अंतिम पत्ता कोणता, याची नोंद घेणे.
४. २०० आल्यास फाइलचा प्रकार व लांबी अपेक्षेप्रमाणे आहे का, हे पाहणे.
५. त्याच भागात निश्चितपणे नसलेल्या एका नावाची चौकशी करून त्याला खरोखर ४०४ येतो का, हे ताडून पाहणे.

पाचवी पायरी अनेकदा गाळली जाते, परंतु तिच्यावाचून पहिल्या चार पायऱ्यांचा भरवसा धरता येत नाही. जो सर्व्हर प्रत्येक नावाला 'आहे' म्हणतो, त्याच्या 'आहे'ला काहीच अर्थ उरत नाही.

## संकेतांकांचा अर्थ

* २०० – मागणी पूर्ण झाली. फाइल असण्याची शक्यता मोठी, परंतु पुढील विभागातील अपवाद लक्षात घ्यावेत.
* ३०१, ३०२ – दुसऱ्या पत्त्यावर पाठविले आहे. नवा पत्ता फाइलचा आहे की प्रवेश-पृष्ठाचा, हे पाहावे.
* ४०१ – ओळख पटलेली नाही. अस्तित्व अज्ञात.
* ४०३ – सर्व्हरला मागणी कळली, पण तो ती नाकारतो. फाइल आहेच असे यावरून सिद्ध होत नाही.
* ४०४ – सापडली नाही, अथवा ती आहे हे सांगण्याची सर्व्हरची इच्छा नाही.
* ४१० – पूर्वी होती. आता कायमची काढली आहे.
* ४२९ – अल्पावधीत फार विचारणा झाल्या. थांबावे.
* ५००, ५०३ – सर्व्हरचा दोष किंवा तात्पुरती अनुपलब्धता. अस्तित्व अज्ञात, काही वेळाने पुन्हा विचारावे.

४०४ या संकेतांकाचा दुसरा अर्थ नियमांना मान्य आहे. एखादी वस्तू आहे एवढे कळणेही गोपनीयतेचा भंग ठरत असेल, तर सर्व्हर ४०३ ऐवजी ४०४ देऊ शकतो. गिटहब हे संकेतस्थळ खासगी संग्रहांच्या बाबतीत परक्या व्यक्तीस ४०४ दाखविते, हे याचे परिचित उदाहरण होय.

## फसवी उत्तरे

फसवा होकार. कुकीवर आधारलेल्या संकेतस्थळावर प्रवेशाची मुदत संपली असेल, तर ग्राहकास प्रवेश-पृष्ठाकडे वळविले जाते आणि ते पृष्ठ २०० या संकेतांकासह येते. केवळ अंतिम संकेतांक पाहणारी प्रणाली 'फाइल आहे' असा निष्कर्ष काढते. पीडीएफची अपेक्षा असता फाइलचा प्रकार एचटीएमएल येणे, किंवा शंभर वेगवेगळ्या फाइलींची लांबी तंतोतंत सारखी येणे, ही या फसगतीची लक्षणे होत. 'पृष्ठ सापडले नाही' असा मजकूर २०० या संकेतांकासह देणाऱ्या प्रकारास 'सॉफ्ट ४०४' म्हणतात.

फसवा नकार. लिनक्सवरील सर्व्हर रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे सहसा भिन्न मानतात, त्यामुळे नावातील एका अक्षराच्या फरकाने ४०४ येतो.

शिळे उत्तर. मधल्या साठवणीतून जुने उत्तर मिळाल्यास काढून टाकलेली फाइल अजून आहे असे वाटते.

काळाचे अंतर. चौकशी व प्रत्यक्ष वापर यांच्यामधल्या क्षणांत फाइल काढली किंवा बदलली जाऊ शकते. म्हणून चौकशीत होकार मिळाला तरी प्रत्यक्ष उतरवून घेताना अपयशाची तरतूद ठेवावी लागते.

## देवनागरी नावांचा प्रश्न

फाइलचे नाव देवनागरीत असल्यास पत्त्यात ते टक्केचिन्हांकित रूपात जाते. यूटीएफ-८ या रीतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटसाठी तीन अक्षरे लिहावी लागतात. त्यामुळे 'दादर' हा शब्द (द, काना, द, र अशी चार चिन्हे) पत्त्यात ३६ अक्षरांचा होतो.

मराठीपुरती विशेष अडचण 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' या जोडाक्षरांची आहे. 'किनाऱ्या' किंवा 'गिऱ्हाईक' यांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: 'ऱ' या स्वतंत्र चिन्हास हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त व त्यापुढे शून्यरुंद जोडक हे अदृश्य चिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु पहिल्या प्रकारात सहा बाइट व दुसऱ्यात नऊ बाइट होतात. सर्व्हरच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे आहेत. युनिकोडच्या प्रमाणित रूपांतराने हा भेद नाहीसा होत नाही. त्यामुळे दोन भिन्न कळफलकांवर टंकित केलेल्या 'त्याच' नावाला एकदा २०० व एकदा ४०४ असे उत्तर येऊ शकते. मराठी दस्तऐवजांच्या संग्रहांत फाइलींना क्रमांक देऊन मराठी शीर्षक स्वतंत्र सूचीत ठेवणे त्यामुळे सोयीचे ठरते.

## साधने

'कर्ल' (१९९८ पासून) आणि 'जीएनयू विगेट' (१९९६ पासून) ही आज्ञारेषेवरील मुक्त साधने या कामासाठी सर्वत्र वापरली जातात. कर्लमध्ये केवळ शीर्षनोंदी मागविण्याचा पर्याय आहे. विगेटमध्ये 'स्पायडर' हा पर्याय फाइल न उतरविता तिचे अस्तित्व तपासतो.

पीएचपी या भाषेत फाइलचे अस्तित्व सांगणारे नेहमीचे कार्य एचटीटीपी पत्त्यांवर चालत नाही आणि फाइल असली तरी 'नाही' असेच उत्तर देते. त्याऐवजी शीर्षनोंदी मागविणारे कार्य किंवा कर्लचे ग्रंथालय वापरावे लागते. शीर्षनोंदींचे ते कार्यही मुळात 'गेट' मागणी पाठविते. 'हेड' हवी असल्यास तसे वेगळे सांगावे लागते.

आज्ञेतच परवलीचा शब्द लिहिल्यास तो आज्ञांच्या इतिहासात शिल्लक राहतो, व त्याच संगणकावरील इतरांना चालू प्रक्रियांच्या यादीत दिसू शकतो. म्हणून तो मर्यादित वाचनाधिकार असलेल्या स्वतंत्र फाइलमध्ये ठेवतात. सर्व्हरने अन्य पत्त्यावर वळविल्यास परवलीचा शब्द परक्या सर्व्हरला दिला जाणार नाही, याचीही दक्षता घ्यावी लागते.

## मुंबईतील उदाहरणे

### मुंबई विद्यापीठाचे निकाल, २०१७

१८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांसाठी सर्व उत्तरपत्रिकांचे संगणकाच्या पडद्यावर मूल्यमापन करण्याची पद्धत लागू केली. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका आणि ४७७ परीक्षा यांचा हा व्याप होता. उत्तरपत्रिका स्कॅन करून त्यांच्या प्रतिमा सर्व्हरवर ठेवल्या जात. प्राध्यापक आपले सदस्यनाव व परवलीचा शब्द वापरून त्या पडद्यावर पाहत व गुण देत. उत्तरपत्रिका आणि विद्यार्थी यांची सांगड बारकोडने घातली जात असे.

राज्यपाल व कुलपती चे. विद्यासागर राव यांनी निकालांसाठी ३१ जुलै २०१७ ही मुदत घालून दिली होती. ती पाळली गेली नाही व अनेक निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. परीक्षा दिलेल्या काही विद्यार्थ्यांना 'गैरहजर' दाखविले गेले. काही उत्तरपत्रिका सापडल्याच नाहीत, आणि तशा विद्यार्थ्यांना सरासरीने गुण देण्याचा मार्ग पत्करावा लागला. पदव्युत्तर प्रवेशाच्या व परदेशी शिक्षणाच्या मुदती निकालांवर अवलंबून असल्याने गिरगाव चौपाटीच्या विल्सनपासून परळच्या महर्षी दयानंद महाविद्यालयापर्यंत विद्यापीठाशी संलग्न अनेक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना या विलंबाची झळ बसली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेले. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या घटनेत दोन प्रश्न वेगळे करता येतात. 'सर्व्हरवर प्रतिमा आहे का?' हा पहिला. 'ती याच विद्यार्थ्याची, याच विषयाची व सर्व पृष्ठांसह आहे का?' हा दुसरा. अस्तित्व-तपासणी केवळ पहिल्याचे उत्तर देते. दुसऱ्यासाठी परीक्षा केंद्रावरील उपस्थितिपत्रकाशी प्रत्येक नोंद ताडून पाहावी लागते. उपस्थितिपत्रकात स्वाक्षरी आहे आणि सर्व्हरवर प्रतिमा नाही, अशा प्रत्येक प्रकरणी विद्यार्थी गैरहजर नसून फाइल गैरहजर असते. हा भेद यंत्रणेने केला नाही, तर दोषाचा भार विद्यार्थ्यावर पडतो.

### परळची रुग्णालये

परळ येथे १९२६ साली सुरू झालेले के.ई.एम. रुग्णालय आणि १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय या दोन मोठ्या संस्था आहेत. टाटा स्मारक रुग्णालयात देशाच्या दूरदूरच्या भागांतून कर्करुग्ण येतात. नोंदणीकृत रुग्णांना स्वतःच्या वैद्यकीय नोंदी संकेतस्थळावरून पाहण्याची सोय तेथे आहे. 'अहवाल तयार झाला का?' या प्रश्नाचे उत्तर घरबसल्या मिळाल्यास रुग्णाचा व नातेवाइकांचा मुंबईचा एक फेरा वाचतो.

मात्र वैद्यकीय क्षेत्रात फाइलचे अस्तित्व हीच गोपनीय माहिती असते. एखाद्या व्यक्तीच्या नावाचा अहवाल कर्करोग रुग्णालयाच्या सर्व्हरवर 'आहे' एवढे परक्यास कळले, तरी अहवाल न उघडताच बरेच काही उघड होते. म्हणून अशा ठिकाणी अनधिकृत विचारणेला, फाइल असो वा नसो, एकसारखेच उत्तर देणे योग्य मानले जाते. २०१६ च्या अखेरीस मुंबई परिसरातील एका खासगी प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर हजारो रुग्णांचे अहवाल परवलीविना उघडे असल्याचे आढळले होते. त्यांत एचआयव्ही तपासणीचेही अहवाल होते.

## कायदेशीर बाजू

स्वतःच्या किंवा परवानगी मिळालेल्या खात्यातून फाइलची चौकशी करणे हा सामान्य व्यवहार आहे. परवानगीविना संगणक-प्रणालीत प्रवेश करणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार भरपाईस पात्र ठरते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्याचा परवलीचा शब्द वापरून, किंवा पत्त्यातील क्रमांक एकेक वाढवीत इतरांच्या फाइली चाचपून पाहणे या कक्षेत येऊ शकते. अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याने वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्या संस्थांवर ती सुरक्षित राखण्याचे दायित्व टाकले आहे.

## मर्यादा व पर्याय

अस्तित्व-तपासणी फाइलची अखंडता सिद्ध करीत नाही. शून्य बाइटची किंवा अर्धवट चढविलेली फाइलही २०० हेच उत्तर देते. त्यासाठी लांबीची तुलना व 'चेकसम' ही गणिती खूण पडताळावी लागते. फाइलींची संख्या मोठी असल्यास प्रत्येकीची स्वतंत्र चौकशी करण्याऐवजी सर्व्हरनेच नावे, लांबी व चेकसम यांची अधिकृत सूची द्यावी आणि ग्राहकाने ती आपल्या नोंदवहीशी ताडावी, ही पद्धत अधिक जलद व विश्वासार्ह असते. शाळेत प्रत्येक मुलाच्या घरी निरोप धाडण्याऐवजी हजेरीपट वाचावा, तसेच हे आहे. मात्र हजेरीपट पटसंख्येशी जुळतो की नाही, हे कोणीतरी पाहावेच लागते.

## हेही पहा

* एचटीटीपी
* परवलीचा शब्द
* युनिकोड
* देवनागरी
* मुंबई विद्यापीठ
* माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००